लागलां काय रे तेका?

ताई, नमस्कार.

माझं वय ४०. गोव्यात पेडणे तालुक्यात राहतो, जवळच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे. घरात आई, बायको आणि सहावीतला मुलगा. माझा प्रश्न वाचून तुम्ही कदाचित हसाल, पण मला हसू येत नाही.

मी शाळेत असल्यापासून डब्ल्यूडब्ल्यूई, म्हणजे टीव्हीवरची ती अमेरिकन कुस्ती बघतो. तेव्हा ते डब्ल्यूडब्ल्यूएफ होतं. आईने काजूबियांच्या पैशांतून घरात केबल घेतली तेव्हापासूनचं हे वेड. ब्रेट हार्ट, अंडरटेकर, मॅनकाइंड, रॉक आणि मग जॉन सीना. अजूनही मंगळवारी पहाटे उठतो, टीव्हीचा आवाज बारीक करून बघतो आणि शिफ्टला जातो. दारू नाही, मटका नाही, ही एकच आवड.

गेल्या चवथीला गणपतीपुढे माटोळीखाली सगळे पाहुणे बसलेले असताना मेव्हणा म्हणाला, "भावोजी अजून ते खोटं-खोटं बघतात." सगळे हसले. कामावर मला 'अंडरटेकर' म्हणतात. आता मुलगाही म्हणतो, "पप्पा, ते स्क्रिप्टेड असतं, सगळ्यांना माहीत आहे." डिसेंबरात सीनाची शेवटची कुस्ती झाली, तो हरला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते बायकोने पाहिलं आणि फोन करून माहेरी सांगितलं. आई तेवढी अधूनमधून दारात येऊन उभी राहते आणि "लागलां काय रे तेका?" (लागलं का रे त्याला?) म्हणून विचारते, तिला "काय ना गे, फट सगळी" (काही नाही गं, खोटं सगळं) असं सांगून निजायला पाठवतो. पण बाकीच्यांचं काय करू? मेव्हण्याचं तोंड बंद होईल असा एक तरी मुद्दा सांगा. येत्या चवथीच्या आधी उत्तर मिळालं तर बरं.

– एक चाहता, पेडणे

बाबा रे, मी वयाने तुझ्या आईच्या आसपासची, तेव्हा अरे-तुरे करते. राग मानू नकोस, आणि मानलास तरी पुढचं वाच.

तुझं मूळ पत्र चार पानी आहे, इथे कापून छापलंय. त्यातली अडीच पानं मेव्हण्याची. तो काय म्हणाला, कुठल्या खुर्चीवर बसून म्हणाला, हसताना त्याच्या हातात कितवी नेवरी होती, सगळं. आईच्या वाट्याला एक वाक्य. तेही वाटेत आडव्या आलेल्या मांजराला पायाने बाजूला सारावं तसं लिहिलेलं. मी त्या एका वाक्याला उत्तर देणार आहे. लोकांची तोंडं बंद करण्याची विद्या माझ्याकडे असती, तर आमच्याच घरात किती शांतता नांदली असती.

मला सांग, तुझ्या घरात 'फट' हा शब्द कोण वापरतं? मेव्हणा वर्षातून एकदा येतो, खोटं म्हणतो, जेवतो, जातो. मुलगा परवा-परवा म्हणायला लागलाय. तू मात्र किती वर्षं पहाटेच्या काळोखात स्वतःच्या आईला सांगत आलायस की ही सगळी फट आहे. दाराशी आलेल्या एकुलत्या एका प्रेक्षकाला "काही नाही, खोटं आहे, जा नीज" म्हणून परत पाठवायचं, आणि मग लोक खोटं म्हणतात म्हणून मला चार पानं लिहायची?

चिडले मी. चहा ठेवून आले, आता पुढे.

आधी ते खरं-खोटं उरकून टाकू. माझा एक भाचा तुझ्याच पंथातला आहे. तुझं पत्र आल्यावर त्याला दोन रात्री समोर बसवून सगळं समजावून घेतलं. (त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद बघायला हवा होतास. ते पुढे येईलच.) त्याने सांगितलं की हे गुपित फुटून जमाना झाला. १९८९ साली तुझ्या त्या कंपनीच्या लोकांनीच न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे सांगितलं की आमचं हे मनोरंजन आहे, खेळाची स्पर्धा नव्हे. कारण सरळ पैशाचं होतं. खेळ म्हटला की राज्याच्या क्रीडा आयोगाची देखरेख आली, परवाने आले, कर आला. तू तेव्हा तीन-चार वर्षांचा असशील. तेव्हा तुझ्या मेव्हण्याने काही शोध लावलेला नाही, १९८९ची शिळी बातमी तो नेवऱ्यांबरोबर वाढतोय. तुला ती बातमी माहीत आहे, त्याला माहीत आहे, तुझ्या मुलालाही. मग भांडण कशाचं?

आता आईचा प्रश्न बघ. ती खरं की खोटं असं विचारतच नाही. ती विचारते, लागलं का. आणि तू तिला जे उत्तर देतोस ते मेव्हण्याच्या प्रश्नाचं.

भाच्याने मला एक जुनी कुस्ती लावून दिली आणि म्हणाला, आता पंचाकडे बघ. कुस्तीगीर आडवा पडलाय, पंच वाकून त्याचा हात हातात घेतो. मला वाटलं, शुद्धीवर आहे का बघतोय, तोही नाटकातलाच भाग. भाचा म्हणाला, पडलेल्या माणसाने हात हळूच दाबला तर 'मी ठीक आहे'. नाही दाबला, तर पंच आपले दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली करतो, आणि मागून खरे डॉक्टर धावत येतात. मी त्याला ती जागा तीनदा मागे घ्यायला लावली. कोण जिंकणार ते ठरलेलं, कोणी कुणाला दोरावर फेकायचं ते ठरलेलं, आणि त्या सगळ्यात कुणी तरी वाकून, प्रेक्षकांना ऐकू जाणार नाही अशा बेताने विचारतंय, लागलं काय रे? अख्ख्या पेडण्यात हा प्रश्न बरोबर विचारणारी एक बाई आहे, आणि तिला तू निजायला पाठवतोस.

ती रिंग म्हणजे गादी नसते हे तुला मी सांगायला नको. लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, वर पातळसा फोम आणि कॅनव्हास. पडायचं कसं ते शिकावं लागतं, पाठ सपाट, हनुवटी छातीशी. शिकलेला माणूसही फळीवरच पडतो. तुझ्या यादीत मॅनकाइंड आहे म्हणून त्याचंच घे. २८ जून १९९८, पिट्सबर्ग. अंडरटेकरने त्याला रिंगभोवतीच्या पिंजऱ्याच्या छतावरून, सोळा फुटांवरून, खाली समालोचकांच्या टेबलावर फेकलं. ते ठरलेलं होतं. मग हा गडी उठून परत वर चढला, आणि या खेपेला छताची जाळीच सुटली आणि तो आत रिंगमध्ये आदळला. हे तसं ठरलेलं नव्हतं. दात तुटून नाकात शिरला. तू तेव्हा बारा-तेरा वर्षांचा, केबलवर डोळे फाडून बघत असणार. आई तेव्हाही दारात असणारच. तिला काय सांगितलं होतंस रे? फट?

ब्रेट हार्टचा धाकटा भाऊ ओवेन. २३ मे १९९९ला कॅन्सस सिटीत त्याला छतावरून दोराने खाली उतरत यायचं होतं. सोंगाचाच प्रवेश, लोकांना हसवायला. वरूनच सुटला आणि पडला. टीव्हीवर समालोचकाला लोकांना सांगावं लागलं की हा कार्यक्रमाचा भाग नाही. ते सांगावं लागलं, या गोष्टीपाशी मी थांबले. ओवेन गेला. उरलेला कार्यक्रम तरीही पुढे झाला. खरं की खोटं याच प्रश्नाची सवय लागलेली माणसं अशा वेळी काय करतात, बघत बसतात. तुझ्या आईला मात्र कुणी काही सांगण्याची गरज पडली नसती. तिचा प्रश्न त्या रात्रीही तोच असता आणि बाकीच्या सगळ्या रात्रींनाही तोच.

हे तिला कुठून कळलं, असं वाटत असेल. अरे, पेडण्याची बाई ती. जत्रेला देवळासमोर दशावतार बघत मोठी झालेली. मध्यरात्र उलटल्यावर गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, मग संकासूर. पुढे आख्यान लागतं, त्याला लिहिलेली संहिता नसते, नट उभ्या-उभ्या बोलतो, पण भीमाच्या हातून कोण मरणार हे मांडावरच्या शेंगदाणेवाल्यालाही ठाऊक असतं. म्हणून कोणी उठून घरी जात नाही, उजाडून दहिकाला फुटेपर्यंत बसतात. हा मुद्दा मेव्हण्यापुढे फेकायचा मोह तुला आत्ताच झाला असेल. फेकू नकोस. मुद्दा चांगला आहे, त्याच्यावर कशाला खर्च करायचा?

मी डिचोलीकडची. आजोळच्या जत्रेतली एक सकाळ सांगते. रात्री एका राक्षसाने आम्हा पोरांची बोबडी वळवली होती. त्याने डोळे असे फिरवले की माझा मामेभाऊ आजीच्या पदराखाली जाऊन बसला तो बसलाच. देवाने त्याला मारला तेव्हा तो फळ्यांवर असा धाडकन पडला की पखवाजवाल्याचा हात क्षणभर चुकला. सकाळी देवळामागे विहिरीच्या कठड्यावर तोच राक्षस बसला होता. लेंगा गुडघ्यापर्यंत वर घेतलेला, खोबरेल लावून तोंडाचा रंग पुसत होता. गुडघा नारळाएवढा. आजी पितळी पेल्यात चहा घेऊन गेली. आम्ही लांबून बघत होतो. तिने विचारलं, फार लागलंय का. तो म्हणाला, उद्या मांद्र्यात पुन्हा मरायचं आहे, तोवर सूज उतरेल. आजीने घरून निर्गुडीचा पाला आणून दिला. आम्ही पोरं रात्री पुन्हा घाबरायला तयारच होतो, पण तो पुढच्या गावाला गेलेला.

ज्यांना निव्वळ खरंच हवं असतं त्यांच्यासाठी गोव्यात धिरयो, बैलांच्या झुंजी, आहेतच. न्यायालयाची बंदी असली तरी कुठे-कुठे लागतात, सगळ्यांना माहीत असतं. तिथे काहीच ठरलेलं नाही. शिंग खरं, रक्त खरं, पैजेची नोट खरी. बैलाला लागलं काय म्हणून विचारणारा मात्र मला अजून भेटायचाय.

बाकीच्यांचं दोन शब्दांत. कामावर 'अंडरटेकर' म्हणतात, तर मान समज, याहून वाईट नावं पडतात. मुलगा अकरा वर्षांचा आहे, त्याला सध्या जगातलं सगळंच माहीत आहे, ते आपोआप कमी होईल. बायकोने माहेरी फोन केला ते चूक. पण घरातला कर्ता माणूस पहाटे दिवा न लावता, आवाज बारीक करून, चोरासारखा टीव्हीपुढे बसतो, तर तिने तरी काय समजावं? लपवण्यासारखं काही असल्यागत तूच वागतोस. तुझ्यापेक्षा त्या कंपनीचे लोक बरे, त्यांनी १९८९लाच सांगून टाकलं.

आता डिसेंबरातली ती सकाळ. तिकडे वॉशिंग्टनला १३ तारखेची शनिवारची रात्र, आपल्याकडे रविवार उजाडलेला. समोर गुंथर. ज्याने आयुष्यभर 'हार मानू नका' हेच वाक्य टॉवेलवर मिरवलं, त्या सीनाने शेवटच्या दिवशी हात आपटून हार मानली. भाच्याने मला हे सांगितलं तेव्हा त्याचाही आवाज जरा जड झाला होता, आणि तो बँकेत नोकरी करतो. तुझ्या डोळ्यांत पाणी आलं यात लाजण्यासारखं काही नाही. शाळेतून घरी येऊन दप्तर टाकल्यापासून ते स्वतःच्या पोराचं दप्तर भरेपर्यंत जो सोबत होता, तो गेला. शेवट ठरलेला होता म्हणून काय झालं, वार्धक्य काही ठरवून टाळता येत नाही.

त्या सकाळी आईने काही विचारलं का, ते तू लिहिलेलं नाहीस. मला वाटतं ती दारात होती. आणि मला असंही वाटतं की तिच्या त्या वाक्यातलं 'तेका' म्हणजे दर वेळी टीव्हीतलाच माणूस असतो असं नाही. पोरगा चाळिशीचा झाला की आईला 'तुला लागलं का रे' असं तोंडावर विचारता येत नाही. तो "काय ना गे" म्हणणार हे तिला ठाऊक असतं. मग ती पडद्यावर पडलेल्या कुणा परक्या माणसाचं निमित्त करते. चुकत असेन मी. पण चाळिशीचा मुलगा मलाही आहे.

आणि ती केबल. तू ते पत्रात असं लिहिलंयस जसं काही केबल आभाळातून पडली. भर एप्रिलच्या उन्हात डोंगरावर काजूच्या झाडांखाली वाकून बोंडू वेचायचे, मुरडून बी वेगळी करायची, हाताला डाग, अंगाला त्या रसाचा वास, पायाखाली हुमले, चावऱ्या मुंग्या. किलोचा भाव व्यापारी ठरवणार. त्या पैशांत घरात आणखी काय-काय येऊ शकलं असतं याची यादी तिच्याकडे असणारच. तिने केबल आणली. म्हणजे तिकीट तिने काढलं, खुर्चीवर तू बसलास, आणि ती बाई अजून दारात उभी आहे.

मुद्दा मागितलास, तो मी देत नाही. एक काम देते.

येत्या मंगळवारी पहाटे दिवा लाव. चहा तू कर, तिच्या चवीचा, तुझ्या नाही. आणि तिच्यासाठी खुर्ची मांड. प्लास्टिकचं स्टूल देऊन मोकळा होऊ नकोस, पाठ टेकता येईल अशी खुर्ची दे, तुझ्या शेजारी. टीव्हीचा आवाज वाढव, तिला लोकांचा गलका ऐकू येईल इतका. मग ती विचारेल. विचारलं की खरं उत्तर द्यायचं. लागलं असेल तर "हो गे, लागलं" म्हण. लागलं नसेल तर का नाही लागलं ते दाखव, दुसऱ्याने फेकताना त्याची मान कशी सांभाळली, हाताचा आधार कुठे दिला, पंच कधी वाकला. तुला हे सगळं येतं. माझा भाचा मला सांगताना खुर्चीवरून उठून जमिनीवर आडवा पडून दाखवत होता, आणि मला जाणवलं की या मुलाला आजवर कुणी हे विचारलंच नव्हतं. तुझंही तेच दुखणं आहे. तुला विचारणारी रोज घरात होती एवढाच काय तो फरक.

कदाचित ती दहा मिनिटांत म्हणेल, मला नाही बघवत, मी फुलं काढायला जाते. जाऊ दे. पुढच्या मंगळवारी पुन्हा खुर्ची मांड.

चवथीला मेव्हणा बोलणार, बोलू दे. तू काही बोलू नकोस. तोवर पुरेसे मंगळवार झाले असतील तर तुझी आईच त्याला सांगेल की फळीवर पाठीने पडून दाखव बघू. मला पुन्हा पत्र लिहिलंस तर त्यात मेव्हणा अर्ध्या पानापेक्षा जास्त नको. आणि गुंथरचं नाव आईच्या तोंडून कसं बाहेर पडतं, तेवढं मात्र न विसरता कळव.